सुचवायचं कसं? आपल्या बोलीत आणि इंग्रजीत

 

आम्ही एका बचत गटातल्या बाया. कागदावर आणि कापडावर वारली चित्रं काढतो, चिकूच्या दिवसांत चिकूचे काप वाळवतो. आज आम्ही इंग्रजीबद्दल बोलणार आहोत. इंग्रजी म्हटल्यावर लगेच रेडिओ बंद करू नका. आम्ही काही शिकलेल्या मास्तरणी नाही. आमच्यातल्या निम्म्या जणी चौथीपुढे गेल्या नाहीत. पण एका इंग्रजी वाक्यापायी आमच्या हातचं काम जाता जाता राहिलं. ते कसं झालं आणि त्यातून आम्ही काय शिकलो, तेवढंच सांगायचं आहे.

झालं असं. वारली चित्राला २०१४ साली आणि डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तेव्हापासून आपल्या चित्रांची चौकशी आणखी वाढली. लांबलांबची माणसं आता सरळ फोनवर मागणी नोंदवतात. अशाच एका हॉटेलाने आमच्याकडे कापडावरचे दहा चौक मागितले. चौक म्हणजे आपल्या लग्नातला चौक, सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात तो. मधोमध पालघट देवी असते, हे तुम्हाला सांगायला नको.

दोन चौक पुरे झाले. त्यांचे फोटो आम्ही पाठवले. रात्री फोनवर इंग्रजीत निरोप आला. गटातल्या एकीची मुलगी नववीत आहे. तिने वाचून दाखवला, ‘व्हाय डोन्ट यू पुट अवर लोगो इन द सेंटर?’ आम्ही विचारलं, म्हणजे काय गं? तिने एकेक शब्द लावून सांगितलं, ‘तुम्ही आमचं चिन्ह मधोमध का घालत नाही?’

आमचं डोकंच फिरलं. आधी कधी सांगितलं नाही, आणि आता वर विचारतात, का घालत नाही! शिवाय घालायचं कुठे, तर देवीच्या जागेवर! आमच्यातली जी ताई पंचवीस वर्षं लग्नाचे चौक लिहिते, ती हातातली काडी खाली ठेवून उठली. म्हणाली, काम बंद. मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्या मुलीकडून उत्तर लिहून घेतलं. आम्हाला म्हणायचं होतं, ‘असं सांगू नये. आधी पैसे द्यायला पाहिजेत.’ तिने लिहिलं, ‘यू शुड नॉट टेल लाइक धिस. यू मस्ट गिव्ह मनी फर्स्ट.’

दोन दिवस तिकडून काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई सहज आल्या. त्यांना निरोप दाखवला. त्या म्हणाल्या, ‘अगं, ते तुम्हाला रागावले नव्हते. ते सुचवत होते. रागावलात तुम्ही.’

बाईंनी त्या दिवशी आम्हाला जे समजावलं, ते आम्ही तुमच्यासाठी घोळवून आणलं आहे.

आधी आपलीच भाषा बघू. समजा, मंगळवारी गटाची बैठक आहे. धाकट्या जावेला आपण म्हणतो, ‘मंगळवारी ये.’ शेजारच्या काकूंना म्हणतो, ‘मंगळवारी या.’ जरा आर्जव करायचं असेल तर, ‘मंगळवारी या ना.’ ग्रामसेवकांना म्हणू, ‘मंगळवारी आलात तर बरं होईल.’ आणि कागदावर लिहायचं झालं तर, ‘मंगळवारी बैठकीस उपस्थित राहावे, ही विनंती.’ गटातल्या गटात असलो की म्हणतो, ‘मंगळवारी भेटूया.’

बोलावणं एकच, पण रूपं बघा किती. ‘ये’ आणि ‘या’ हा झाला आज्ञार्थ. ‘यावे, राहावे’ हा विध्यर्थ. ‘आलात तर’ हा संकेतार्थ. पोरं शाळेत हे पाठ करतात आणि कंटाळतात. आपण मात्र दिवसभर तेच बोलत असतो. आणि मान कुठे बसलाय ते पाहिलंत? तो क्रियापदाच्या शेपटीत आहे. शेपूट बदललं की मान बदलला. ‘जरा’ आणि ‘ना’ हे दोन लहान शब्द वर लोण्यासारखे लावायचे. आपण बोलताना ‘कृपया’ म्हणत नाही. आपलं ‘जरा’ आणि ‘ना’ हेच आपलं ‘प्लीज’.

इंग्रजीत क्रियापदाला असं शेपूट नाही. ‘कम’ म्हणजे ये, या, यावे, सगळं एकच. मग मान ठेवायचा कुठे? तो वाक्याच्या तोंडाशी ठेवतात. वाक्य कुठल्या शब्दाने सुरू झालं, त्यावर ते सांगणं आहे, सुचवणं आहे की दटावणं, हे ठरतं. नववीतल्या पोरीला शब्दाला शब्द येत होता. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात, त्यामुळे आपल्या मुलींना शब्द पुष्कळ येतात. पण शब्दाला शब्द लावला की मान मधेच गळून पडतो. तिचा दोष नव्हता, आमचाही नव्हता.

इथे आणखी एक गंमत सांगतो. आमच्या पाड्यावर सगळ्यांना ‘तू’ म्हणायची रीत आहे. थोरल्याला तू, पाहुण्याला तू, साहेबालाही तू. त्यात अपमान नसतो. पण बाहेरचा माणूस ऐकतो आणि म्हणतो, यांना बोलायची रीत नाही. इंग्रजीतही अगदी तसंच आहे. तू, तुम्ही, आपण, सगळ्यांना एकच शब्द, ‘यू’. साहेबही यू आणि शिपाईही यू. म्हणजे आमचा ‘तू’ ऐकून बाहेरच्याला जसा उगाच राग येतो, तसा त्यांचा ‘व्हाय डोन्ट यू’ ऐकून आम्हाला उगाच राग आला. दोन्हीकडे रीत होती, पण एकाची दुसऱ्याला ठाऊक नव्हती.

आता इंग्रजीत सुचवायच्या पायऱ्या सांगतो. जवळच्या माणसापासून सुरू करून लांबच्या माणसाकडे जाऊ. आमच्या मागोमाग मोठ्याने म्हणा. पोरं हसली तर हसू द्या.

पहिली पायरी, आपल्या माणसांत. ‘लेट्स मीट ऑन ट्यूसडे.’ मंगळवारी भेटूया. ‘लेट्स’ म्हणजे आपलं ‘ऊया’. त्याच्यापुढे क्रियापद जसंच्या तसं ठेवायचं, मधे ‘टु’ घालायचा नाही. नको म्हणायचं असेल तर ‘लेट्स नॉट मीट टुडे’, आज नको भेटूया.

इथे एक खाच आहे. आपल्याकडे ‘आपण’ वेगळं आणि ‘आम्ही’ वेगळं. ‘आपण जाऊ’ म्हटलं की समोरचाही आला. ‘आम्ही जाऊ’ म्हटलं की तो वगळला. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, ‘वी’. पण ‘लेट्स गो’ असं जोडून म्हटलं की ते आपलं सगळ्यांचं झालं, चला जाऊया. तेच ‘लेट अस गो’ असं तोडून म्हटलं, तर ‘आम्हाला जाऊ द्या’ असाही अर्थ होतो. बैठकीत म्हणायचं असेल तर जोडूनच म्हणा.

दुसरी पायरी, विचारून सुचवायचं. ‘शॅल वी मीट ऑन ट्यूसडे?’ भेटूया का? ‘व्हाय डोन्ट वी मीट ऑन ट्यूसडे?’ याचा शब्दशः अर्थ, आपण का भेटत नाही? पण भाव आहे, मंगळवारी भेटलो तर? आपण ‘या की’, ‘करा की’ म्हणतो ना, तोच सूर. ‘व्हाय डोन्ट यू’ सुद्धा तसंच, घाला की, करून बघा की. आता, कुणी डोळे वटारून आणि आवाज चढवून म्हणालं, तर तेही दटावणंच होतं. पण फोनवरच्या निरोपाला आवाज नसतो. म्हणून वाचताना आधी धरून चाला की समोरचा सुचवतोय.

याच पायरीवर आणखी एक, ‘हाउ अबाउट मीटिंग ऑन ट्यूसडे?’ मंगळवारी भेटायचं का? इथे क्रियापदाला ‘इंग’ लागतो. मीट नाही, मीटिंग. पुट नाही, पुटिंग.

तिसरी पायरी, गिऱ्हाईक, पाहुणे, बँकेतले साहेब. इथे ‘कुड’ वापरायचा. ‘वी कुड मेक इट स्मॉलर.’ आम्ही ते लहान करू शकू. ‘कुड यू सेंड द मनी बाय फ्रायडे?’ शुक्रवारपर्यंत पैसे पाठवता येतील का? नुसतं ‘सेंड द मनी’ म्हटलं तर तो हुकूम. त्याला ‘प्लीज’ लावला तरी तो हुकूमच राहतो, फक्त हसून केलेला.

याच पायरीवर एक फसवं वाक्य आहे. कुणी म्हणालं, ‘वुड यू माइंड वेटिंग?’ म्हणजे थांबायला तुमची काही हरकत आहे का? आपण भाबडेपणाने ‘यस, यस’ म्हणतो. पण ‘यस’ म्हणजे हो, हरकत आहे! थांबायला तयार असाल तर ‘नो’ म्हणा. ‘नो, नॉट ॲट ऑल’, अजिबात हरकत नाही.

चौथी पायरी, कागदावरची. इथे ‘सजेस्ट’ हा शब्द येतो. सजेस्ट म्हणजे सुचवणे. पुष्कळ शिकलेली माणसंही इथे चुकतात. ‘आम्ही तुम्हाला यायला सुचवतो’ हे मनात धरून लिहितात, ‘वी सजेस्ट यू टु कम.’ ते बरोबर नाही. ‘वी सजेस्ट दॅट यू कम ऑन ट्यूसडे’ असं लिहायचं. नाहीतर ‘वी सजेस्ट मीटिंग ऑन ट्यूसडे.’ म्हणजे सजेस्टच्या मागे एक तर ‘दॅट’, नाहीतर ‘इंग’.

पुढे आणखी बारीक गोष्ट. ‘बँक उघडते’ याला इंग्रजीत म्हणतात ‘द बँक ओपन्स’, शेवटी ‘स’ लागतो. पण ‘बँकेने खिडकी उघडावी, असे आम्ही सुचवतो’ हे लिहिताना ‘वी सजेस्ट दॅट द बँक ओपन अ काउंटर’. इथे ‘स’ नाही. असं का? कारण बँकेने खिडकी उघडलेली नाही, ती उघडावी असं आपल्याला वाटतं. घडतं ते वेगळं आणि घडावं ते वेगळं. आपण ‘उघडते’चं ‘उघडावी’ करतो, ते ‘ओपन्स’चा ‘स’ काढतात. विध्यर्थ त्यांच्याकडेही आहे. फक्त आपलं शेपूट वाढतं आणि त्यांचं गळतं.

आता आमच्या चुका सांगतो. आम्ही ‘शुड’ आणि ‘मस्ट’ लिहिलं होतं. ‘पाहिजे’ म्हटलं की पोरांना शाळेतला शुड आठवतो. ‘यू शुड सी अ डॉक्टर’ असं मैत्रिणीला म्हटलं तर ती माया झाली. तेच गिऱ्हाइकाला ‘यू शुड’ म्हटलं, तर त्याला शिकवल्यासारखं होतं. ‘मस्ट’ म्हणजे तर नियम, पाटीवर लिहिण्याचा शब्द. आणि कुणी ‘यू हॅड बेटर पे’ म्हणालं, तर त्यातलं ‘बेटर’ ऐकून फसू नका. ‘पैसे दिलेत तर बरं’ हे आपण दात आवळून म्हणतो ना, तसं ते आहे. पुढचं ‘नाहीतर बघा’ त्यात गुपचूप असतं.

तर मग आम्ही दुसरं उत्तर लिहिलं. बाई सांगत होत्या आणि मुलगी लिहीत होती, पण म्हणणं आमचंच होतं. ‘थँक यू फॉर द सजेशन. वी वुड रादर नॉट चेंज द सेंटर. इट इज द प्लेस ऑफ अवर गॉडेस. हाउ अबाउट पुटिंग युअर लोगो ऑन अ सेपरेट पीस? कुड यू प्लीज सेंड हाफ द मनी बिफोर वी स्टार्ट अगेन?’

म्हणजे, सूचनेबद्दल आभार. मधली जागा आम्ही बदलू इच्छित नाही, ती आमच्या देवीची आहे. तुमचं चिन्ह वेगळ्या कापडावर काढलं तर? पुन्हा काम सुरू करण्याआधी निम्मे पैसे पाठवता येतील का?

‘वुड रादर नॉट’ हे तीन शब्द पदराच्या गाठीला बांधून ठेवा, बायांनो. ‘नको’ म्हणण्याची ती सभ्य रीत आहे. त्यात नमतेपणा नाही. जी ताई काम टाकून उठली होती, तिने विचारलं, ‘एवढं गोड बोलायचं म्हणजे वाकायचंच ना?’ बाई म्हणाल्या, ‘या उत्तरात देवी कुठे आहे?’ ताई म्हणाली, ‘मधोमध.’ ‘मग वाकलं कोण?’

दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. त्यांनी दहाऐवजी सहाच चौक घेतले आणि चिन्हाचं एक वेगळं कापड घेतलं. चार चौकांचं काम गेलं, ते काही परत आलं नाही. पण निम्मे पैसे आधी आले, आणि देवीची जागा देवीलाच राहिली.

आता इंग्रजी बाजूला ठेवून आपल्या गावात येऊ, कारण खरी परीक्षा तिथे आहे.

आपल्याकडे ‘सूचना’ हा एकच शब्द दोन कामं करतो. कचेरीच्या भिंतीवर सूचना फलक असतो. ती सूचना वरून खाली येते, म्हणजे तो हुकूम. बाजूला सूचनापेटी असते. ती सूचना खालून वर जाते, म्हणजे ते सुचवणं. बाया नेहमी फलक वाचतात, पेटीत मात्र काही टाकत नाहीत. ग्रामसभेतही तसंच होतं. आपण मागे बसतो, ऐकतो आणि सही किंवा अंगठा करून घरी येतो.

ठरावाची वही कधी नीट पाहिलीत का? प्रत्येक ठरावाच्या खाली दोन नावं असतात, सूचक आणि अनुमोदक. सूचक म्हणजे ज्याने सुचवलं तो, अनुमोदक म्हणजे ज्याने त्याला दुजोरा दिला तो. आमच्या गावची मागची वही आम्ही उघडली. पाण्याचे ठराव होते, वाटेचे होते, अंगणवाडीच्या छपराचे होते. सगळी आपल्या रोजच्या जिवाची कामं. पण सूचकाच्या जागी एकाही बाईचं नाव नव्हतं. पाणी आपण भरतो आणि सुचवतो दुसराच.

डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्र आहे. इथे १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे महाराष्ट्राचे नियम लागू आहेत, म्हणून आपल्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. शिवाय ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी महिला सभा घ्यायची, असं कायद्यातच आहे. ती सभा म्हणजे आपली तालमीची जागा. तिथे वाक्य ठरवून घ्या. ‘आमच्या पाड्यावर पाणी नाही’ हे गाऱ्हाणं झालं. ‘पाणी द्या’ ही आज्ञा झाली. ‘पाड्यावरची विहीर पावसाआधी साफ करून तिला कठडा बांधावा, असं मी सुचवते’ ही सूचना झाली. यात काय करायचं, कुठे करायचं आणि कधीपर्यंत करायचं, तिन्ही आलं. ती वहीत लिहिता येते. शेजारणीने लगेच म्हणावं, ‘माझं अनुमोदन आहे.’ आणि लिहिणाऱ्याला दोघींनी मिळून सांगावं, ‘नावं लिहा.’

शेवटची गोष्ट. सगळंच काही सुचवायचं नसतं. रोजगार हमीच्या कामाची मजुरी पंधरा दिवसांत मिळावी, असं कायदा सांगतो. ती थकली तर ‘दिलीत तर बरं होईल’ असं म्हणत बसू नका. तिथे सूचना नाही, तिथे मागणी करायची, तीही लेखी, आणि अर्ज पोचल्याची पावती घ्यायची. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरीला वारली माणसं जमली. वेठ करायची नाही, रोख मजुरी घेतल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर राबायचं नाही, असं त्यांनी तिथे ठरवलं. गोदावरी परुळेकर आणि किसान सभा त्यांच्यासोबत होती. त्या माणसांनी ते सुचवलं नव्हतं, ठरवलं होतं. जे हक्काचं आहे ते मागायचं, जे सगळ्यांनी मिळून करायचं आहे ते सुचवायचं, आणि जे आपल्याला पटत नाही त्याला नीट शब्दांत नको म्हणायचं. हे तिन्ही वेगळं ओळखता आलं, तर भाषा कुठलीही असो, अडत नाही.

तुमच्यासाठी एक काम देतो. येत्या महिला सभेत प्रत्येकीने एकच वाक्य घेऊन जायचं, शेवटी ‘असं मी सुचवते’ म्हणायचं. आणि घरी मुलीला सांगायचं, ‘लेट्स प्रॅक्टिस.’ ती विचारेल, हे कुठे शिकलीस गं आई? सांगा, रेडिओवर.

येतो आम्ही. जोहार.